सोमवारचं डोकं, मंगळवारचं डोकं

१२ जून १९३३, सोमवार

डॉक्टर म्हणाले, लिहा. म्हणून लिहितेय.

गेले होते औषध मागायला. "डोकं दुखतं," म्हटलं. "कुठं दुखतं? किती वाजता सुरू होतं? त्या दिवशी काय खाल्लं होतंत?" एकाचंही उत्तर देता येईना. हसले. "बाई, तुमच्या वर्गातल्या मुलीनं अशी उत्तरं दिली तर किती मार्क द्याल? वही करा आणि महिनाभरानं दाखवा." मागितली गोळी, मिळाला गृहपाठ. रोज मुलींना देते, आता भोगा.

का लिहायचं तेही लिहून ठेवते, म्हणजे कंटाळा आला की वाचता येईल. कन्याशाळेत मी अजून हंगामी. दिवाळीच्या आधी इन्स्पेक्शन, मग कमिटी बसणार आणि मला कायम करायचं की घरी बसवायचं ते ठरणार. हेडबाईंनी तोंडावर सांगितलं, "चौथीचा वर्ग तुम्ही चांगला घेता. पण दर आठवड्याला डोकं धरून घरी जाणाऱ्या बाईंची शिफारस मी कोणत्या तोंडानं करू?" शब्द नव्हेत, खडे. एकेक मोजून मारतात.

लग्नानंतर ट्रेनिंगला गेले, साऱ्या गल्लीची बोलणी खाल्ली, तेव्हा कुठं हा वर्ग मिळाला. वर्गात उभी राहिले की मला माझं बरं वाटतं. सोडणार नाही म्हणजे नाही.

१३ जून

खुणा ठरवल्या. ० : काही नाही. १ : दुखतं, पण शिकवता येतं. २ : शिकवता येत नाही. ३ : अंधारी खोली, ओकारी, दिवस गेला.

आज ०.

१५ जून, गुरुवार

काल ३. दुपारी दोनला उजव्या डोळ्यामागं ठणका सुरू. तास सोडून घरी. हेडबाईंनी घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे नाही.

घरी आत्याबाई मीठमिरच्या घेऊन तयारच. (सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते.) "शाळंत इतक्या जणींची नजर लागती, डोकं दुकंल न्हाय तर काय!" दृष्ट काढून मिरच्या चुलीत टाकल्या. त्या धुरानं भडाभडा ओकले. "बग, ठसकासुदीक न्हाय आला. लई कडक नजर व्हती," म्हणाल्या, खोकत खोकत.

आज उठून बसले तर नवी बातमी. "म्या सिद्धेश्वराला बोलले. तुजं डोकं थांबू दे, तू सोमवार करशील."

"मी करीन? बोललात तुम्ही."

"मग? डोकं तुजंच हाय की!"

दिवसभर पोटात पाण्याशिवाय काही नाही, चहासुद्धा नाही. दिवेलागणीला देवळात जाऊन आल्यावर सोडायचा. किती सोमवार? "डोकं ऱ्हाईस्तवर." म्हणजे दुखायचं थांबेपर्यंत. हे हसत हसत गिरणीत पळाले. टाइमकीपर ना, भोंग्याच्या आधी पोचायला लागतं. बरं निमित्त मिळालं.

करते. देवाचं नाव घेतल्यावर नाही म्हणायला जीभ उचलत नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही थांबायला हवंय.

२४ जून, शनिवार

आज १. पण हे ते नव्हेच! दोन्ही भुवयांच्या वर, नुसतं जड. ओकारी नाही, उजेडाचा त्रास नाही. साठ वह्या तपासून झाल्यावर आलं. अंगणात डोळे मिटून बसले, तासाभरात गेलं.

म्हणजे डोकं एक आणि दुखणी दोन. इतकी वर्षं सगळ्याला एकच नाव देत होते. आता वेगळी नावं. उजवीकडची ती 'अर्धी', लिहायचं अ. वह्यांची ती व.

२८ जून

सर्दी. खाली वाकलं की गालाची हाडं आणि कपाळ फुटतंय असं वाटतं. ताठ बसलं की कमी. शेजारची नरसव्वा माग थांबवून आली. "तलनोप्पी का बाई?" त्यांच्या तेलुगूत डोकेदुखीला हेच म्हणतात. उकळत्या पाण्यात ओवा टाकून डोक्यावरून चादर घातली माझ्या आणि वर हातानं दाबून धरली, पळून जाईन म्हणून. दुपारपर्यंत नाक मोकळं, डोकं मोकळं. हे तिसरं, स.

असंच चाललं तर मुलींसारखी डोक्याचीही हजेरी घ्यावी लागणार.

६ जुलै, गुरुवार

महिना भरायच्या आत वही दाखवून आले, राहवेना. डॉक्टरांनी पान न् पान वाचलं, माझ्या आईचंही असंच दुखायचं हे विचारून घेतलं. आत्याबाईंच्या धुराला मोठ्यानं हसले.

व. साठी चष्मा. स. ला नरसव्वाची वाफ चालू ठेवा म्हणाले. अ. ला ॲस्पिरिनची गोळी, पण सुरुवातीलाच. ओकारी सुरू झाल्यावर घेतली तर गोळीही बाहेर. आणि आठवड्यात दोनदाच, रोज चघळायची नाही.

मग चष्मा काढून, गंभीर होऊन एक बजावलं. एकाएकी, जन्मात कधी दुखलं नाही असं दुखलं, किंवा ताप येऊन मान वाकेना, किंवा बोलताना जीभ अडखळली, हात लुळा पडला, तर वही लिहीत बसू नका, टांग्यात बसा. पुठ्ठ्याच्या आत मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं. ह्यांनाही वाचायला लावलं.

९ जुलै, रविवार

चष्मा आला. चष्मेवाले चाचा काचा बदलून बदलून बघत होते आणि बोलत होते. "नंबर हय ना बीबी! कब से आंखां फोड ले रे?"

आत्याबाई : "बाई मानसानं चष्मा! लोक काय म्हणत्याल!" हे : "घरातच हेडबाई आली की!" दोघांकडे लक्ष दिलं नाही. आरशात बघितलं तर कुंकू वाकडं. इतके दिवस वाकडंच लावत होते का? कोणी सांगू नये?

१९ जुलै, बुधवार

काल ३. मागच्या मंगळवारी ११ तारखेलाही ३. रजा पडली. आज हेडबाई सगळ्या बायांच्या देखत, "मंगळवार हा काय नियम केलाय का तुम्ही?"

पाणी प्यायचं निमित्त करून रडून आले. लाज वाटली, रागही आला. चष्म्यानं व. बंद झालंय, एकदाही आलेलं नाही, ते हेडबाईंना दिसत नाही. उपास करतेय, देवाला जातेय, आणखी काय करायचं माणसानं?

संध्याकाळी राग उतरल्यावर वाटलं, बोलल्या खवचट, पण विचारलं खोटं नाही. मंगळवारच का?

३० जुलै, रविवार

सकाळी कामं आटपून वही घेऊन बसले. सोमवार आणि मंगळवार तेवढे वेगळ्या कागदावर उतरवले.

सहा सोमवार झाले. सहाही सोमवारी चारच्या सुमाराला दुखलंय. १, २, १, २, २, २. अ. नाही. चारी बाजूंनी पट्टा आवळल्यासारखं, मान धरलेली. देवळातून येऊन जेवले आणि चहा घेतला की उतरलंय. सहापैकी चार मंगळवारी मागोमाग अ. आलीय.

वर्ग तोच, मुली त्याच, हेडबाई त्याच. सोमवारी वेगळं ते एकच. पोट रिकामं, आणि रोजचा दोन वेळचा चहा नाही.

डोकं थांबावं म्हणून उपास, आणि उपासानं डोकं. नवससुद्धा असा की डोकं राहीपर्यंत करायचा! कधी राहणार होतं? कपाळावर हात मारून घेतला. (हळू मारला.)

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "आईला तू सांग. मी गिरणीतली माणसं सांभाळतो, तेवढं पुरे." आता उद्या सोमवार. उपास मोडते म्हणून नुसतं सांगितलं तर त्यांना किती लागेल. देवापुढं पदर पसरला तो माझ्यासाठीच.

३१ जुलै, सोमवार

सांगितलं.

सकाळी आत्याबाई ज्वारी निवडत होत्या. अक्षरओळख नाही, म्हणून कागद वाचून दाखवला. पहिला सोमवार, चार वाजता. दुसरा सोमवार, चार वाजता, दुसऱ्या दिवशी ओकारी. पाचव्यापर्यंत आले तेव्हा त्यांनी सूप खाली ठेवलं.

"म्हंजी माज्या नवसानं तुजं डोकं दुकलं?"

"नवसानं नव्हे आत्याबाई. उपाशी राहून."

वाटलं, आता रडतील नाहीतर मला फाडून खातील. उठल्या, पदर सारखा केला. "चल."

"कुठं?"

"देवळात. त्याला सांगाय नगं?"

श्रावणी सोमवार, तळ्याच्या काठापासून ही गर्दी. रेटत पुढं गेल्या आणि चारचौघांत मोठ्यानं बोलल्या, "देवा, म्या अडानी. चूक माजी हाय, पोरीची न्हाय. ती जेवून यील सोमवारी. तिच्या वाटचा उपास म्या करते, तेवढं चालवून घे." मग माझ्याकडे वळून, "त्याला काय तुजं डोकं दुकाय पायजे व्हय?"

घरी येऊन त्यांनी स्वतः चहा टाकला. समोर बसून मला भाकरी आणि शेंगाचटणी खायला घातली, स्वतः उपाशी. माझे डोळे भरून आले. तिखट आहे म्हटलं.

चार वाजता ०.

१० ऑगस्ट, गुरुवार

सोमवारी ०, मंगळवारी ०. हेडबाईंना मुद्दाम दोनदा नमस्कार केला. आणि काल बुधवारी ३. जेवण वेळेवर, चहा वेळेवर, चष्मा नाकावर, तरी ३.

वही फेकली. ह्यांनी उचलून आणली. "पुरावा आहे तो, हरवू नकोस." मी ती ट्रंकेत तळाशी कोंबली. आज सकाळी काढून हे लिहिलंच.

७ सप्टेंबर, गुरुवार

परवा अ. आज एक सापडलंय. लिहायला हात अडखळतो, पण वही माझी आहे.

१४ जून, ११ जुलै, ९ ऑगस्ट, ५ सप्टेंबर. उपासाच्या मंगळवारातल्या बाकीच्या तीन सोडून द्या, ह्या चार पक्क्या. चारीच्या दुसऱ्या दिवशी मी बाहेरची, चार दिवस बाजूला बसलेली. म्हणजे ही अर्धी तारीख सांगून येते!

आणखी एक. दुखायच्या आधी डावीकडे चकाकी दिसते, करवतीच्या दातांसारखी, हळूहळू पसरत जाणारी. तेवढ्या जागेतली अक्षरं दिसत नाहीत. आजवर ऊन लागलं म्हणून सोडून देत होते. परवा घड्याळ लावून बघितलं. चकाकी सुरू झाल्यापासून पंचवीस मिनिटांनी ठणका. लगेच गोळी घेतली, वर चहा प्यायले, अंधारात पडले. ३ चं २ झालं. तासाभरात उठून भाकऱ्या केल्या.

डॉक्टरांना तारखांचं तोंडानं सांगवेना, चिठ्ठीवर लिहून दिलं. वाचून म्हणाले, "हे मला कोणी सांगत नाही. सगळ्या लाजतात आणि मी चुकीची औषधं देत बसतो."

२० सप्टेंबर, बुधवार

नोटीस लागली. इन्स्पेक्शन ४ ऑक्टोबर.

मोजलं. पुन्हा मोजलं. अर्धीची तारीख येते ३ किंवा ४. अरे देवा!

हेडबाईंकडे गेले. "माझा तास पहिला लावाल का?"

"का?"

"मुली तेव्हा ताज्या असतात." खोटं नव्हे, सगळं खरंही नव्हे.

"बघू." हो म्हणाल्या की नाही, ते त्यांनाच माहीत.

३ ऑक्टोबर, मंगळवार

आज ०. म्हणजे उद्या.

घाबरले आहे. पण जूनमध्ये घाबरले होते तशी नव्हे. तेव्हा काय अंगावर येतंय तेच कळत नव्हतं. गोळ्या दोन, पदराच्या गाठीत. वर्गाच्या डाव्या खिडकीला नरसव्वाकडून आणलेलं जाडं कापड लावून आले, फळ्यावर ऊन परततं म्हणून. अंबाडा सैल घालायचा, ताणून बांधला की पट्टा आवळतो. सकाळी भाकरी खाऊनच निघायचं, भूक असो नसो. आत्याबाईंनी विचारलं, दृष्ट काढू का? म्हटलं काढा, पण मिरच्या बाहेर जाळा. कबूल झाल्या.

५ ऑक्टोबर, गुरुवार

काल तास दुसरा लावला. पहिला नव्हे.

साहेब मागं खुर्चीवर, शेजारी हेडबाई. भूगोल, सोलापूर जिल्हा. फळ्यावर नकाशा काढत होते. करमाळा लिहिलं आणि मधला 'र' दिसेना. डोळे मिटून उघडले. 'र' नाही, 'मा' नाही. कडेला करवत लखलखायला लागलेली.

घड्याळ बघितलं. अकरा चाळीस. म्हणजे बारा पाचपर्यंत वर्ग माझा.

गाठ सोडली, साहेबांच्या देखत गोळी घेतली, पाणी प्यायले. वळून मुलींना म्हटलं, "नकाशा मी पुरा करणार नाही. ज्यांचे नातेवाईक जिल्ह्यात आहेत त्यांनी यायचं आणि आपलं गाव दाखवायचं." खडू दिला हातात. एकीनं माढा दाखवलं आणि मामाच्या उसाबद्दल सांगितलं. दुसरीनं टेंभुर्णी घातली ती पार कर्नाटकात. बाकीच्या ओरडल्या, "न्हाय बाई, तितं न्हाय!" मग सगळ्या मिळून नदीवरून मोजत जागा ठरवायला लागल्या. मी फळ्याकडे पाठ करून उभी, नुसते प्रश्न विचारतेय. साहेब खुर्ची पुढं ओढून बसले. असा तास मी कधी घेतला नव्हता!

बाराला घंटा झाली. साहेबांनी विचारलं, "मघाशी काय घेतलंत?"

सर्दी म्हटलं असतं तर खपलं असतं. हेडबाई खाली बघत होत्या. मी म्हटलं, "साहेब, अर्धशिशी. आणखी पाच मिनिटांत ठणका सुरू होईल. नकाशांच्या खोलीत तासभर अंधारात बसेन, मग पुढचा तास घेईन. घरी जाणार नाही."

"जा, जा," म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

एक वाजता बाहेर आले. तोंड पांढरं असणार. कवितेचा तास बसून घेतला. पाचला घंटा होईपर्यंत शाळेत होते. आजवर अर्धी आली की मी घरी, हे पहिल्यांदाच चुकलं.

९ ऑक्टोबर, सोमवार

साहेबांचा शेरा आला. तासाबद्दल उत्तम. खाली एक ओळ : शिक्षिकेच्या प्रकृतीबाबत कमिटीने खात्री करून घ्यावी.

हेडबाई : "डोकेदुखी पूर्ण बरी झाली, पुन्हा होणार नाही, असा डॉक्टरांचा दाखला आणा. शनिवारी कमिटी आहे."

डॉक्टरांकडे गेले. मान हलवली. "असं कसं लिहू? ती येणार. तुमच्या आईला होती ना? मग पुष्कळ वर्षं येईल." रागावले नव्हते, वाईट वाटत होतं त्यांना. ते बघून मला जास्त वाईट वाटलं.

१० ऑक्टोबर

हे म्हणतात, स्टेशनाकडे एक डॉक्टर आहे, मागाल ते लिहून देतो. एक कागद आणि प्रश्न मिटला.

मनात आलं. दिवसभर मनात होतं. वर्ग जाईल या विचारानं जेवण उतरलं नाही. आणि आज उपाशी राहायचं नाही म्हणून पाण्याबरोबर घास ढकलले.

पण खोटा दाखला दिला की पुढची अर्धी लपवावी लागणार. मग गोळी कोणासमोर घेऊ? अंधारात कशी बसू? लपवून लपवूनच इतकी वर्षं दुखवून घेतलं. ह्यांना म्हटलं, नको तो डॉक्टर. "बघ बाई," म्हणाले आणि दौत भरून दिली.

अर्ज लिहिला. चौथा कागद नीट जमला. "माझी डोकेदुखी बरी झालेली नाही. ती पुन्हा येईल. कोणती केव्हा येते ते मी ओळखते. चष्मा, वाफ, जेवणाची वेळ आणि चहा सांभाळल्याने तीन प्रकार जवळपास थांबले आहेत. चौथा महिन्यातून एकदा येतो, पंचवीस मिनिटे आधी कळतो आणि त्यास मला एक तास लागतो. तो तास द्यावा. त्याच्या बदल्यात मी शाळा सुटल्यावर एक तास जास्त शिकवीन."

११ ऑक्टोबर, बुधवार

अर्ज दिला. हेडबाईंनी उभ्याउभ्या वाचला. मग खाली बसून पुन्हा वाचला.

"असा अर्ज कोणी देतं का?"

"मी दिलाय."

उठल्या आणि दार लोटलं. मला वाटलं, झालं, संपलं. आवाज एकदम खाली आणून म्हणाल्या, "ती चकाकी तुम्हाला डावीकडेच दिसते? मला मधोमध दिसते. समोरच्या माणसाचं तोंडच दिसत नाही."

मी समोरची खुर्ची ओढून बसले.

"वीस वर्षं झाली. दुखत असलं तरी खुर्ची सोडली नाही मी. सांगितलं असतं तर हेडबाई केलं असतं का कोणी?" हाताची बोटं एकमेकांत घट्ट धरली होती. "हे सगळं तुम्ही कुठून शोधलंत?"

"वहीतून."

"मला बघायला मिळेल?"

देते म्हणून बसले. कमिटीत काय बोलणार ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

घरी येऊन चाळली. त्यांच्याबद्दल काय काय लिहिलंय मी! पानं फाडावीत असं मनात आलं. पण जिथं त्यांना शिव्या आहेत तिथंच माझ्या तारखा आहेत, एक फाडलं की दुसरं जातं. आणि त्यांना खरंच उपयोग व्हायचा असेल तर पुरी वहीच लागेल.

उद्या तशीच नेतेय. कमिटी शनिवारी.